एका किड्यानं डोंगर ओस पाडला! स्पेनच्या रानबकऱ्यांची खरूज अन् आपल्या शेळ्यांसाठी इशारा

गोठ्यातली एखादी शेळी खुंट्याला, भिंतीला सारखं अंग घासायला लागली की बहुतेक जण म्हणतात, "खाज सुटली असेल, जाईल आपोआप." पण याच खाजेनं स्पेन देशातल्या एका डोंगररांगेतले रानबकरे काही वर्षांतच जवळजवळ संपवले होते. शंभरातले पंचाण्णवहून जास्त मेले. आणि हा रोग तिथं जंगलात नेला तो पाळीव शेळ्यांनी, असं अभ्यासक सांगतात. म्हणूनच ही दूरदेशीची गोष्ट शेळी पाळणाऱ्या प्रत्येकानं वाचण्यासारखी आहे.

नेमकं काय घडलं?

स्पेनच्या दक्षिणेला हाएन नावाचा प्रांत आहे. ऑलिव्हच्या बागांसाठी तो प्रसिद्ध. याच प्रांतात काझोर्ला, सेगुरा आणि लास व्हियास या डोंगररांगा आहेत. 1986 मध्ये तिथं मोठं संरक्षित उद्यान जाहीर झालं. तिथल्या कड्या-कपाऱ्यांत 'आयबेक्स' हा रानबकरा राहतो. दिसायला आपल्या बोकडासारखाच, पण अंगानं दणकट, शिंगं लांब आणि मागं वळलेली. उभ्या कड्यावर तो सहज चढतो.

1987 मध्ये या भागात खरजेची साथ सुरू झाली. साथीआधी तिथं सुमारे 10 हजार रानबकरे होते. साथ ओसरली तेव्हा 500 सुद्धा उरले नव्हते. ना वणवा लागला, ना दुष्काळ पडला, ना कुणी शिकार केली. डोळ्यांना नीट दिसतही नाही अशा किड्यानं हे केलं.

पुढं 1992 पासून सिएरा नेवाडा या बर्फाळ डोंगरातल्या रानबकऱ्यांतही खरूज आढळू लागली. 1993 मध्ये स्पेनच्या उत्तरेकडं, कँटाब्रियन डोंगरात, 'शामुआ' या बकरीच्याच जातकुळीतल्या प्राण्यात साथ आली. हिमालयाच्या बाजूलाही हा रोग पोचलेला आहे. पाकिस्तानच्या काराकोरम डोंगरातल्या गोजल भागात भरल, म्हणजे निळ्या मेंढ्यांना हीच खरूज झाल्याचं 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं.

हा किडा आहे तरी कोण?

मिरची-वांग्यावर येणारा लाल कोळी शेतकऱ्यांना माहीत आहे. खरजेचा किडा त्याच कुळातला, आठ पायांचा कोळी. शास्त्रीय नाव 'सार्कोप्टिस स्कॅबिआय'. मादीची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. गोचीड वरून चिकटते आणि रक्त पिते, ती दिसते तरी. हा मात्र थेट कातडीच्या वरच्या थरात शिरतो.

मादी कातडीत बोगदा करत पुढं जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायला तयार. हिशेब केला तर लक्षात येईल, एका जनावरावर हजारोंची फौज उभी राहायला वेळ लागत नाही.

रोग पसरतो तो अंगाला अंग लागून. कळपात एकमेकांना खेटून बसणं, माजावर आलेल्या मादीमागं फिरणं, आईनं करडाला जवळ घेणं, सगळ्यातून तो जातो. आजारी बकऱ्यानं ज्या दगडाला किंवा झाडाला अंग घासलं, तिथूनही तो दुसऱ्याला लागू शकतो. थंड आणि ओलसर हवेत हा किडा जनावराच्या अंगाबाहेरही काही दिवस जगतो. कोरड्या उन्हात मात्र लवकर मरतो.

खाजेनं जनावर मरतं कसं?

खरूज म्हणजे फक्त कातडीचा रोग, असा समज आहे. खरं तर कातडीपासून सुरुवात होते आणि सगळं शरीर खचतं.

पहिल्यांदा खाज सुटते. किड्याची विष्ठा, लाळ आणि अंडी यांना शरीर प्रतिकार करतं, त्यातून ही खाज येते. जनावर अंग घासतं, चावतं, खाजवतं. चरायचा आणि रवंथ करायचा वेळ त्यात जातो, मग वजन उतरतं.

नंतर केस झडतात. कातडी जाड होते, सुरकुत्या पडतात, वर खपल्यांचे थर चढतात. केस गेले की अंगातली ऊब टिकत नाही. डोंगरावर हिवाळ्यात बर्फ पडतो, चारा कमी असतो. नेमक्या त्याच वेळी उघड्या पडलेल्या बकऱ्याला अंग गरम ठेवायला जास्त ताकद लागते. अंगातली चरबी संपते. सिएरा नेवाडात हिवाळ्यात आणि वसंतात हा रोग जास्त दिसतो.

पुढं खपल्यांना भेगा पडतात. त्यातून जिवाणू आत शिरतात, पू होतो, विष रक्तात पसरतं. रक्त कमी होतं. शेवटी जनावर कळपामागं पडतं आणि जातं.

जे मरत नाहीत त्यांचंही नुकसान होतं. सिएरा नेवाडातल्या अभ्यासात खरूज झालेल्या नरांची वृषणं निरोगी नरांपेक्षा लहान भरली. म्हणजे पुढची पैदासही धोक्यात.

यातली दिलासा देणारी बाब अशी, की सगळेच बकरे मरत नाहीत. काही जण औषधाशिवायही बरे होतात. त्यांच्या जिवावरच कळप हळूहळू सावरतो.

रानातल्या जनावराला औषध का देत नाहीत?

औषध आहे. 'आयव्हरमेक्टिन' खरजेवर चालतं. या औषधाच्या शोधाला 2015 मध्ये नोबेल पारितोषिकही मिळालं. पण कड्यावरच्या बकऱ्याला इंजेक्शन कोण देणार? खाद्यातून औषध द्यायचे प्रयत्न झाले. त्यात दांडगा बकरा जास्त खातो, आजारी उपाशी राहतो. कमी डोस गेला तर किडा औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका. शिवाय औषध लेंड्यांतून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं. म्हणून तिथं रोगावर नजर ठेवणं आणि निरोगी बकऱ्यांचा राखीव कळप कुंपणात सांभाळणं, अशा वाटा धरल्या गेल्या.

आपल्या गोठ्यात काय करावं?

रानातल्या बकऱ्याला जे मिळत नाही, ते आपल्या शेळीला मिळू शकतं. शेळी ही गरिबाची गाय. तिची खरूज वेळेत ओळखली तर बरी होते.

• नाक, डोळ्यांभोवती, कान या ठिकाणी केस गळून खपल्या दिसल्या, शेळी सारखी अंग घासत असली, तर तिला लगेच वेगळी बांधा.

• बाजारातून आणलेली शेळी किंवा बोकड थेट कळपात सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळं ठेवून बघा. काझोर्लाचा धडा हाच आहे.

• जळकं ऑइल, रॉकेल चोळू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर पोटात विष जातं.

• औषध पशुवैद्यकाकडूनच घ्या. डोस वजनावर ठरतो. औषधानं अंडी मरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी दुसरा डोस चुकवू नका. एक शेळी आजारी असली तरी सगळा कळप तपासून घ्या.

• औषध दिल्यावर दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही, हे विचारून घ्या. गाभण शेळी असेल तर आधीच सांगा.

• गोठा कोरडा ठेवा, ऊन येऊ द्या, जुना पालापाचोळा बदला.

• आजारी शेळी हाताळल्यावर साबणानं हात धुवा. शेळीचा किडा माणसाच्या अंगावर फार टिकत नाही, पण काही दिवस खाज आणू शकतो.

जनावराच्या उपचारासाठी 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करता येतो. हा किडा शंभराहून जास्त जातींच्या सस्तन प्राण्यांना लागतो. शिवारात कोल्हा किंवा दुसरं एखादं रानजनावर केस झडलेलं, खपल्या धरलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, कुत्री सोडू नका. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.

काझोर्लातल्या बकऱ्यांना वाचवायला उशीर झाला होता. आपली शेळी मात्र रोज संध्याकाळी आपल्याच दारात येते. बांधताना तिच्या कानामागं एकदा हात फिरवून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.