सुकाणू कोणाच्या हाती?

निवृत्ती जवळ आली की घरोघरी याद्या सुरू होतात. पीएफ किती, ग्रॅच्युइटी किती, मेडिक्लेम कोणता, ही एक यादी. चारधाम, युरोप, मुलाकडे चार महिने, ही दुसरी. पण चोवीस तास दोघं एकाच घरात असणार, तेव्हा एकमेकांशी जमवायचं कसं, याची यादी कुणी करत नाही. आमचंच बघा ना! तीस वर्षं हे बँकेत, मी शाळेत. सकाळचे डबे आणि रात्रीच्या बातम्या, यात मावेल तेवढाच संसार. त्यात मैत्रिणी घाबरवायच्या, "नवरा रिटायर झाला ना, की पहिलं तुझ्या स्वयंपाकघरात लक्ष घालतो बघ!"

आम्हाला या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते शिडाच्या होडीत. यांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं, माझ्या निवृत्तीला दोन. मुंबई बंदरात आपल्या वयाच्या लोकांनाही सेलिंग शिकवतात, असं यांना बँकेतल्या कुणीतरी सांगितलं. मला हसू आलं. मुंबईतला यॉट क्लब १८४६ सालचा; एलिफंटाच्या लाँचमधून दिसणारी ती पांढरी शिडं साहेबांची किंवा श्रीमंतांची, अशीच माझी समजूत. खरं तर कान्होजी आंग्र्यांच्या किनाऱ्यावरची माणसं आपण, आणि शिडाचं आपल्याला अप्रूप! शिवाय मला पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाऊल ठेवू देत नाहीत, हे कळलं तरी मी महापालिकेच्या तरण तलावात महिलांच्या बॅचला नाव घातलं. तीन महिन्यांत पाण्याची भीती बरीच गेली. मग ऑक्टोबरात आम्ही दोघं कुलाब्याला हजर!

शिकवणारी मुलगी जेमतेम सव्वीसची. आल्या आल्या म्हणाली, "काकू, तुम्ही सुकाणूवर. काका, तुम्ही दोऱ्या सांभाळा." यांचा चेहरा बघण्यासारखा झाला! आयुष्यभर ब्रँच मॅनेजर म्हणून हुकूम सोडलेला माणूस. पाच मिनिटांत यांच्या सूचना सुरू, "अगं, आता वळव. इकडे नको, तिकडे." मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, होडीत ज्याच्या हातात सुकाणू, त्याचाच शब्द. तुमची पाळी आली की काकू ऐकतील."

सुकाणूचं तंत्र तसं उलटंच. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. आणि वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची होडी जातच नाही. शीड नुसतं फडफडत राहतं. मग वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करून आधी एका बाजूला जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला, असं नागमोडी पुढे सरकायचं. याला म्हणतात टॅकिंग. प्रत्येक वळणाला शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, या बाजूचा त्या बाजूला जातो आणि सगळ्यांनी डोकं खाली घालायचं. तिथे "अहो, जरा वाकता का?" म्हणायला वेळ नसतो. मी ओरडले, "वाका!" आदरार्थी बहुवचन तेवढं टिकलं, 'जरा' आणि 'का' समुद्रात पडले. इतकं छोटं वाक्य मी यांच्याशी तीस वर्षांत बोलले नव्हते. आणि हे चक्क वाकले!

मी भूगोलाची शिक्षिका. खारे वारे आणि मतलई वारे किती वर्षं फळ्यावर काढले असतील! दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा येतो तो खारा. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. पाच गुणांचा प्रश्न. जानेवारीतल्या एका सकाळी तो प्रश्न मला प्रत्यक्ष सोडवावा लागला. दहाच्या पुढे मतलई पडला. शीड लुळं झालं. त्यात ओहोटी आम्हाला बाहेरच्या बाजूला ओढायला लागली. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहूनही जास्त फरक पडतो, तेव्हा ओढ केवढी असते ते तेव्हा कळलं. मुलीने नांगर टाकला. हे अस्वस्थ. "किती वेळ असं?" मी म्हटलं, "जमीन तापू दे. बारानंतर खारा वारा येईल."

दीड तास नुसतं बसायचं. फोन पिशवीत बंद. थोड्या वेळाने हे पाण्याकडे बघत म्हणाले, "मार्चनंतर मला फोन कोण करणार गं?" मी यांच्याकडे बघतच राहिले. कर्जवाटप, ऑडिट, बदल्या, यातलं काहीही डगमगू न देणारा हा माणूस मनातून इतका धास्तावला होता! मलाही वर्गाशिवाय कसं होईल याची धाकधूक होती, ती मीही सांगून टाकली. घरी आम्ही हे कधी बोललो असतो का? तिथे टीव्ही लावायला नव्हता, उठून जायला दुसरी खोली नव्हती. साडेबाराला पाण्यावर काळसर लहरींचा पट्टा सरकत आला आणि शीड भरलं.

वयाचं म्हणाल, तर सर फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९६७ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली ती पासष्टाव्या वर्षी. आणि आपल्या नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा? २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला जग फिरून परतल्या. जवळजवळ आठ महिने दोघीच! आमचं दोन तासांत वाजतं, तेव्हा मला त्यांच्या धाडसाइतकंच त्यांच्या जमवून घेण्याचं कौतुक वाटतं.

कुणाला करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांगते. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, हंगाम ऑक्टोबर ते मे. तोवर पोहायला लागा आणि डॉक्टरांना विचारून घ्या. बीपी, गुडघे, पाठ यांचं खरं खरं सांगा. दोऱ्यांनी हात सोलतात म्हणून हातमोजे हवेत. चष्म्याला दोरी बांधा. ओढणी घरी ठेवा. छोट्या होडीत बाथरूम नसते, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत; तसं करू नका, उन्हाने चक्कर येते. फेरी किती वेळाची हे आधी विचारा आणि त्याप्रमाणे ठरवा. आणि स्वतःची होडी घ्यायच्या फंदात लगेच पडू नका, क्लबच्या होड्या असतात.

हे मार्चअखेर निवृत्त झाले. माझे अजून काही महिने बाकी आहेत. सध्या होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहेत, आणि माझा शाळेचा डबा हे भरतात. भाजीत मीठ कमी असतं, पोळीचा नकाशा होतो. तोंडाशी आलेली सूचना मी गिळते. सुकाणू त्यांच्या हातात आहे ना!