काडीमोड, दुसरं लग्न आणि पेन्शन : या ७ गोष्टी ठाऊक हव्यातच!

सिल्लोडमध्ये झेडपीचे गुरुजी आहेत, एसटीचे वाहक-चालक आहेत, केंद्र सरकारचे नोकरदारही आहेत. घर मोडलं किंवा नव्यानं बसलं, की पेन्शनचं काय? प्रत्येकाचा नियम निराळा!

१. बाँडवरची फारकत : शंभराच्या बाँडवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या म्हणजे घटस्फोट झाला, असं नाही. समाजात तशी रूढी असल्याचं शाबित करावं लागतं. नाहीतर कोर्टाचा हुकूमनामाच हवा. तोवर पहिलीच बायको कायदेशीर.

२. विभक्त आणि घटस्फोटित : जुन्या पेन्शनमधल्या राज्य कर्मचाऱ्याच्या घटस्फोटित पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाही. कोर्टानं नुसतं विभक्त राहायला मुभा दिली असेल आणि कारण व्यभिचाराचं नसेल, तर हक्क शाबूत.

३. निकाल आपल्याच खंडपीठाचा : पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं हिंदू लग्न कायद्यानं रद्दबातल, त्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाही, असं औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्या लग्नातल्या मुलांचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्येच मान्य केला आहे.

४. एसटी आणि कंपनीवाले : ईपीएस-९५ या पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेत विधवेनं पुनर्विवाह केला की तिची पेन्शन थांबते. पण मुलांची वाढते! आधी विधवा पेन्शनच्या २५ टक्के, नंतर ७५ टक्के. एका वेळी दोघांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत.

५. केंद्राचं मोठं मन : मूलबाळ नसलेल्या विधवेनं पुन्हा लग्न केलं तरी कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं, अट तिच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या मर्यादेची. जानेवारी २०२४ पासून, घटस्फोटाचा किंवा घरगुती हिंसाचाराचा खटला चालू असलेली महिला कर्मचारी नवऱ्याआधी मुलांचं नाव लावू शकते.

६. माहेरी परतलेली लेक : आईवडील केंद्राचे पेन्शनर असतील आणि त्यांच्या हयातीत घटस्फोटाचा दावा दाखल झाला असेल, तर निकाल मागाहून लागला तरी त्यांच्यावर अवलंबून असलेली लेक पात्र ठरू शकते. पुनर्विवाह झाला की हक्क संपतो.

७. अमेरिकेतली तऱ्हा : लग्न १० वर्षं टिकलं असेल आणि पुन्हा लग्न केलं नसेल, तर घटस्फोटानंतरही ६२ व्या वर्षापासून जुन्या जोडीदाराच्या खात्यावर सोशल सिक्युरिटी मागता येते. त्याचा एक डॉलरही कमी होत नाही.

आता कामाचं : लग्न झालं की पीएफचं आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, नवं भरा. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल कार्यालयात देऊन पोच घ्या. आणि पुन्हा संसार मांडायचाय? जरूर मांडा, फक्त तारीख धरण्याआधी पेन्शनचा नियम विचारून घ्या.