जुन्या पद्मिनीची पेट्रोल टाकी बदलताय? भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोकादायक का असते?

थेरगावात डांगे चौक किंवा काळेवाडी फाट्याजवळच्या एखाद्या सोसायटीचं पार्किंग. कोपऱ्यात कव्हरखाली आजोबांची प्रीमियर पद्मिनी उभी. नातवाने हौसेने नवी बॅटरी टाकली, गाडी सुरूही झाली. पण चौकापर्यंत जाऊन बंद पडली. फिल्टर उघडला तर आत तांबडा गाळ. मिस्त्री म्हणाला, "टाकी उतरवावी लागेल."

जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना हे काम बहुतेकांच्या वाट्याला येतं. काम अवघड नाही, पण त्यातली एक चूक जिवावर बेतू शकते.

पद्मिनीचं आणि या भागाचं नातं

फियाट 1100 या इटालियन गाडीवरून प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनवली. 1974 पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीसाठी 20 वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. याच कंपनीचा कारखाना थेरगावच्या शेजारी चिंचवडलाही होता. 2009 मध्ये आलेली प्रीमियर रिओ तिथलीच. आता उरल्या आहेत त्या घरोघरी जपलेल्या खासगी गाड्या.

टाकी आतून का गंजते?

अर्धी रिकामी टाकी 'श्वास' घेते. दिवसा तापली की वाफ बाहेर जाते, रात्री गार झाली की दमट हवा आत येते. त्या हवेतलं पाणी पत्र्यावर साचतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. 2025 मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. शिवाय ते वर्षानुवर्षं चिकटलेला डिंकासारखा थर सोडवतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं. जुन्या गाड्या या इंधनासाठी बनलेल्याच नव्हत्या.

रिकामी टाकी धोकादायक का?

द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत ही वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच ती पेट घेते. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वर वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच नसते. टाकी रिकामी केली की हवा आत शिरते आणि मिश्रण नेमकं स्फोटक होतं. 40 लिटरच्या टाकीला त्यासाठी चमचाभरही पेट्रोल लागत नाही.

म्हणून "टाकी रिकामी आहे, जरा वेल्डिंग मारून घेऊ" हे वाक्य ऐकलं की थांबा. पाण्याने विसळून भागत नाही, कारण सांध्यात आणि गंजात मुरलेलं पेट्रोल उष्णतेने पुन्हा वाफ सोडतं. हे काम टाक्या वाफमुक्त करण्याची सोय आणि अनुभव असलेल्या कारागिराचंच आहे.

टाकी कशी उतरवतात?

- गाडी मोकळ्या हवेत उभी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजच्या खड्ड्यात साचते.
- इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.
- पेट्रोल ड्रेन प्लगमधून किंवा हातपंपाने धातूच्या कॅनमध्ये काढा. तोंडाने पाइप ओढू नका. खराब पेट्रोल गटारात ओतू नका, बाजूलाच पवना वाहते.
- पेट्रोल भरायच्या नळीचा पाइप, हवेचा पाइप, इंजिनकडे जाणारी लाइन आणि काट्याची वायर सोडवा. प्रत्येक जोडाचा आधी फोटो काढा.
- खालून आधार देऊन मगच पट्टे किंवा बोल्ट सोडा.

दुरुस्ती की नवी टाकी?

आत सुरक्षित एलईडी टॉर्च मारून पाहा. वरवरचा गंज असेल तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने तो निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी लगेच पूर्ण वाळवावी लागते, नाहीतर नवा गंज धरतो. पत्र्याला बारीक छिद्रं पडली असतील तर टाकी बदलणं उत्तम. जुने सुटे भाग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला शोधता येतात.

टाकी मूळ आकाराचीच घ्या. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत.

बसवताना काय विसरू नये?

सगळे रबरी पाइप आणि क्लिप नवीन टाका. पाइपवर 'एसएई जे30 आर9' असा दर्जा छापलेला असेल तर तो इथेनॉललाही टिकतो. टाकी रंगवली असेल तर अर्थिंगची जागा खरवडून स्वच्छ करा, नाहीतर पेट्रोलचा काटा हलणारच नाही. हवेचा पाइप मोकळा आहे ना, हेही बघा. तो बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी काही किलोमीटरवर बंद पडते.

शेवटी आधी चार-पाच लिटरच पेट्रोल भरा, प्रत्येक जोड पुसून गळती तपासा आणि मगच स्टार्टर मारा. फिल्टर नवीन टाका आणि थोडं चालवल्यावर तो पुन्हा बदला.

एवढं करूनही गाडी पुन्हा चार महिने कव्हरखाली राहिली, तर सगळं पहिल्यापासून सुरू होईल. टाकीसाठी सर्वात स्वस्त औषध म्हणजे दर आठवड्याला एक फेरी आणि नियमित ताजं पेट्रोल.