भेटींची वही

रविवारची उपासना आटोपून आशीर्वादवचन उच्चारले गेले आणि बाहेर अंगणात माणसांच्या गप्पांना व मुलांच्या धावपळीला आरंभ झाला, म्हणजे आमच्या मंदिराच्या उजव्या अंगाला असलेल्या लहानशा खोलीचे दार आतून लोटून घेतले जाते. आणि त्या दाराआड पुढचा पाऊण तास जे काम चालते, ते मंडळीतील बहुतेकांनी जन्मात एकदाही पाहिलेले नसते. नगर जिल्ह्यातील या मंडळीत वडील म्हणून बारा वर्षे सेवा करीत असता त्या खोलीत मी शेकडो वेळा बसलो आहे, आणि सेवेचा हिशेब देणे म्हणजे काय, हे मी व्यासपीठावरील उपदेशापेक्षा तिथल्या टेबलापाशीच अधिक शिकलो.

प्रथम दानार्पणाच्या थैल्या टेबलावर पालथ्या होतात. मोजणारे दोघे असतात आणि ते एका घरातले नसावेत असा दंडक आहे. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या होतात, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लागतात, आणि कृतज्ञतेच्या पाकिटांवरील नाव व निमित्त (नातवाचा बाप्तिस्मा, पार पडलेली शस्त्रक्रिया, विहिरीला लागलेले पाणी) मोठ्याने वाचून त्यांची नोंद निराळी केली जाते. एकाने मोजलेले दुसरा पुन्हा मोजतो. मग रक्कम आकड्यात आणि अक्षरांत शाईने लिहून खाली दोघांच्या सह्या होतात. लिहिताना चूक झालीच, तर ती खोडून काळी करावयाची नाही. तिच्यावरून एकच रेघ ओढावयाची, मूळचा आकडा वाचता यावा असा राखावयाचा आणि शेजारी सही करावयाची. सोमवारी बँकेत भरणा होतो व त्याचे चलन त्याच पानाला टाचले जाते. यात कोणावर संशय घेतल्यासारखे होते, असे मला आरंभी वाटत असे. परंतु यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेला निधी नेताना पौलाने स्वतःसारख्या प्रेषितालाही एकट्याने तो हाताळू दिला नाही, तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेले बंधू पाठविले, हा मजकूर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे, आणि तो नीट वाचल्यावर माझी ती भावना गेली.

कापणीच्या सणाचा हिशेब मात्र याहून नाजूक. त्या दिवशी अर्पण केलेली बाजरी, भोपळे, कोंबड्या, शेवग्याच्या शेंगा यांचा अंगणात लिलाव होतो, आणि उत्साहाच्या भरात एखादे लिंबू शंभर रुपयांनाही जाते. परंतु बोली म्हणजे वसूल नव्हे. पूर्वी एका वर्षी बोलीचीच बेरीज सणाचे उत्पन्न म्हणून वाचली गेली, टाळ्या झाल्या, आणि पुढे सहा महिने कोषाध्यक्षाला दारोदार फिरावे लागले. तेव्हापासून बोली, वसूल आणि बाकी असे तीन आकडे वाचले जातात. टाळ्या थोड्या कमी होतात, एवढेच.

पैशाच्या बाबतीत इतका बंदोबस्त असण्याचे एक कारण असेही आहे की त्याला बाहेरचा जाब आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये नोंदलेल्या संस्थेला आपले हिशेब तपासनिसाकडून तपासून घ्यावे लागतात. पण त्याच खोलीत, त्याच कपाटात, कीर्दीशेजारी दुसरी एक वही असते, जिला कोणी तपासनीस नाही: ती भेटींची वही. प्रत्येक वडिलाकडे काही घरे नेमून दिलेली असतात. आजारी, वृद्ध, शोकग्रस्त व उपासनेला येईनासे झालेले यांच्याकडे जाऊन कोणत्या दिवशी भेट झाली, काय आढळले, पुढे काय करणे अवश्य आहे, हे तिच्यात लिहावयाचे, आणि मासिक सभेत वाचावयाचे.

या वहीत मी एकदा खोटे लिहिले. माझ्याकडे नेमलेल्या घरांत एक वृद्ध आजी होत्या; तरुणपणी बायबलबाई म्हणून त्यांनी अनेक गावे पायी तुडविली होती आणि आता त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या महिन्यात घरचे लग्न आणि शेतीचा हंगाम एकत्र आल्याने माझे जाणे झाले नाही; सभेच्या आदल्या रात्री मात्र सर्वांच्या नोंदींत आपलीच ओळ रिकामी दिसेल, या लाजेपोटी मी लिहिले, “भेट घेतली. प्रकृती साधारण. प्रार्थना केली.” उद्या सकाळीच जाऊन येऊ, अशी मनाची समजूत घातली, आणि ती सकाळही गेली.

सभेत ती ओळ वाचली गेली, कोणी शंका घेतली नाही, आणि तिचा परिणाम मात्र झाला. कारण पाळकसाहेबांनी ते घर झालेले समजून घरी जाऊन प्रभुभोजन देण्याच्या आपल्या यादीत दुसरी घरे घेतली. पाच आठवड्यांनी ते सहज तिकडे गेले, तेव्हा आजींनी विचारले, “पाळकसाहेब, माझं नाव पटावरनं काढलं का?”

हा प्रश्न मला कळला त्या दिवशी अहवालाविषयीची माझी समजूत बदलली. अहवाल वरिष्ठांसाठी असतो, असे मी मानीत आलो होतो. वस्तुतः तो त्या दाराशी आपल्यामागून जाणाऱ्या माणसासाठी असतो. मी नुसता गेलो नसतो आणि तसे लिहिले असते, तर दुसरा कोणी गेला असता. माझ्या खोट्या ओळीने ती वाटच बंद केली. हनन्या आणि सप्पीरा यांची कथा मी लहानपणापासून ऐकत होतो. पण त्यांचा अपराध शेताच्या किमतीतील काही भाग मागे ठेवण्याचा नव्हता, ते त्यांच्या हक्काचे होते असे पेत्र स्वतः म्हणतो, अपराध होता तो अंशाला संपूर्ण म्हणण्याचा, हे तेव्हाच माझ्या ध्यानी आले.

आमच्या प्रांतातील मंडळ्यांचा वारसा याहून बरा आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले; त्यांना पाठविणारे बोर्ड बोस्टनला, पत्र शिडाच्या जहाजाने महिनोगणती प्रवास करून पोहोचणार, आणि तिकडच्या देणगीदारांची अपेक्षा अर्थातच मोठी. तरीही आरंभीच्या दीर्घ काळात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या अत्यल्प होती, हे लपून राहिलेले नाही; कारण ते त्या मिशनच्या लोकांनीच कळविले. समुद्रापलीकडून पडताळा घेण्यास कोणी येणार नाही, हे ठाऊक असलेल्या माणसांच्या त्या प्रामाणिकपणाचे मोल मला फार वाटते.

पुढच्या सभेत मी उभा राहून झाले ते सांगितले. कोणी दोष दिला नाही. चिटणिसांनी वही माझ्यापुढे सरकवली. दानार्पणाच्या पानावर करतात त्याप्रमाणे मी त्या ओळीवरून एकच रेघ ओढली आणि शेजारी सही केली. अक्षरे खाली स्पष्ट वाचता येतात. तिथून उठून मी आजींकडे गेलो, त्यांची क्षमा मागितली, आणि त्यानंतर त्या होत्या तोवर त्यांचे घर मी दुसऱ्या कोणाकडे दिले नाही.

वहीत आता “गेलो नाही” असा स्वतंत्र रकाना आखलेला आहे. मासिक सभेत तोच प्रथम वाचतात, आणि त्यातील घरे कोणी ना कोणी मागून घेतल्याशिवाय समारोपाची प्रार्थना होत नाही.