बाजेपासून संडासापर्यंत

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देऊन होतं, मुख्यमंत्री वयोश्री योजनेच्या ३,००० रुपयांवरही बोलून होतं. त्या पैशांत घेता येणाऱ्या वस्तूंच्या यादीत चष्मा, कानाचं यंत्र, कमरेचा पट्टा यांच्यासोबत कमोड खुर्चीही आहे. तिचं नाव मात्र चारचौघांत कोणी काढत नाही. ‘बुढीचं अंथरूण ओलं होते’ हे घरातलं घरातच राहतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून क्लिनिकल डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं. तरी पहिला खर्च डायपरवर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

वृद्धरोगतज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स यांनी म्हातारपणाचे चार राक्षस सांगितले: हालचाल थांबणं, तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं आणि बुद्धी मंदावणं. हे चौघे पुष्कळदा एकमेकांचा हात धरून येतात. रात्री घाईची लागते, म्हातारी लगबगीने उठते, ओल्या फरशीवर पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं. मग अंथरूण धरलं की उरलासुरला ताबाही जातो.

इंझोरीसारख्या गावात १२,००० रुपयांच्या सरकारी अनुदानातला संडास बहुधा अंगणाच्या टोकाला असतो, तोही उकिडवं बसायचा. तरण्या माणसाला ते अंतर जाणवत नाही. पण झोळ पडलेल्या बाजेतून उठायचं, काठी चाचपायची, उंबरा ओलांडायचा, कडी काढायची, लुगडं सावरायचं... मूत्राशय धडधाकट असलं तरी एवढ्यात काम होऊन जातं.

म्हणून आधी बाजेचे दोर कसून घ्या. बसल्यावर पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. रात्री कमोड खुर्ची बाजेला लागूनच ठेवा, तिच्या पायांना रबरी बुचं लावा. वीज गेली तरी जळणारा दिवा वाटेवर हवा. संडासात भिंतीत पक्का गाडलेला लोखंडी पाइप बसवा. टॉवेलच्या दांडीवर भार दिला तर ती हातात येते. कडी बाहेरूनही उघडता यावी. आजोबांच्या पायजम्याला नाडीऐवजी इलास्टिक घाला. गादीवर मेणकापड, त्यावर रोज धुता येईल अशी सुती चादर.

पाणी मात्र तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, बद्धकोष्ठानेही ताबा सुटतो. संध्याकाळचा चहा कमी केला तर पुष्कळ. साखर, प्रोस्टेट, लघवीतला जंतुसंसर्ग हे तपासून घ्या. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारा. त्रास अचानक सुरू झाला, ताप आला किंवा लघवीतून रक्त गेलं, तर ‘वयच झालं आता’ म्हणत बसू नका.

आणि खुर्ची आणायच्या आधी एक ठरवा: सकाळी तिच्याखालचं भांडं कोण रिकामं करणार? न ठरवता ते सुनेवर पडतं, आणि पंधरवड्यात खुर्ची गोठ्यात जाऊन पडते. लेकाने पाळी लावून घ्यावी.