उतारवयात चारचाकी शिकताना

अंगणात मोटार उभी आहे, तिची किल्ली भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली आहे, आणि ती चालविणारा मुलगा मात्र आठवड्याचे पाच दिवस मुंबईत आहे. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरचे हे चित्र असेल. डहाणू-नाशिक मार्गावरील गंजाड येथे आमच्या घरीही ते तसेच होते. जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांमुळे हे गाव जगाला ठाऊक झाले. परंतु आजारी माणसाला येथून वेळेवर रुग्णालयात पोहोचविणे आजही सोपे नाही. आईचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा. जाताना रिक्षा मिळे, परतताना तासभर वाट पाहावी लागे. आणि डायलिसिसनंतर गळून गेलेल्या माणसाला रस्त्याकडेच्या दगडावर बसवून ठेवणे किती जिवावर येते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. त्या पावसाळ्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी मोटार शिकण्याचे ठरविले.

“आता या वयात?” हा प्रश्न आपल्यालाही ऐकावा लागेल. खासगी वाहनाच्या अनुज्ञप्तीसाठी कायद्याने किमान वय अठरा ठरविले आहे, कमाल वय नाही. केरळातील राधामणी अम्मा सत्तरी ओलांडल्यावरही अवजड वाहने चालवीत होत्या, शिकवीतही होत्या. मात्र चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, द्यावे लागते. पुष्कळ ठिकाणी हा कागद पाच मिनिटांत शिक्का मारून मिळतो. आपण तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षेची ही संधी आपल्या स्वतःसाठीच आहे.

नेत्रतपासणीपासून आरंभ करावा. अर्जातील स्वयंघोषणेत विचारले जाते की, चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरील मोटारीची नंबरप्लेट आपल्याला वाचता येते काय; चष्मा असल्यास तो लावून चालतो. हे अंतर साधारण तीस-बत्तीस पावलांचे. अंगणाबाहेर उभे राहून घरीच पाहावे. मला ती प्लेट वाचता आली नाही, आणि कारण निघाले मोतीबिंदू. शस्त्रक्रिया होऊन नेत्रतज्ज्ञांनी अनुमती देईपर्यंत शिकणे पुढे ढकलावे लागले. तेव्हा मनस्वी राग आला होता; परंतु समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती मला दिसणारी वलये सर्वांनाच दिसतात, अशी माझी समजूत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी औषधे घेत असाल, तर गाडीत बसण्यापूर्वी साखर तपासावी आणि हाताशी ग्लुकोज ठेवावे. घाम सुटला, हात थरथरू लागले तर गाडी कडेला घ्यावी. ‘घर आता आलेच’ असे म्हणू नये. सर्दीच्या काही गोळ्या आणि झोपेची औषधे दुसऱ्या दिवशीपर्यंत गुंगी ठेवतात. आकडी किंवा अकस्मात शुद्ध हरपण्याचा पूर्वेतिहास असेल, तर तो लपविणे म्हणजे मागील आसनावरील रुग्णाचाही जीव पणाला लावणे होय. गुडघेदुखी असलेल्यांना क्लच जड जातो. ऑटोमॅटिक गाडी परवडत असेल तर डाव्या पायाचे काम जवळजवळ संपते.

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते, आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या अनुज्ञप्तीची परीक्षा देता येते. प्रशिक्षण शाळेबाबत मात्र चोखंदळ असावे. नियमानुसार मोटारीचे प्रशिक्षण किमान एकवीस दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालविणे किमान दहा तासांचे असावे लागते. शिकविण्याच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक हवा. मी प्रथम गेले त्या शाळेत नवव्या दिवशीच “झाले तुमचे, मावशी” असे सांगण्यात आले. तोवर मी गाडी एकदाही मागे घेतलेली नव्हती! दुसरी शाळा शोधली. तेथील तरुण प्रशिक्षकाला मी पहिल्याच दिवशी सांगितले की, एका वेळी एकच सूचना द्या आणि ओरडू नका. त्याने दोन्ही गोष्टी पाळल्या. उतारवयात शिकायला वेळ अधिक लागतो, पण समजून घेतलेले सहसा विसरत नाही. मान वळविताना दुखत असेल तर ते प्रशिक्षकाला सांगावे. आरसे नीट लावून घेतल्याने पुष्कळ भागते, सर्व मात्र नाही. आणि चप्पल घालून पेडलवर पाय ठेवू नये.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते. त्या पंधरवड्यात या रस्त्यावर नवशिक्याने जाऊ नये. पुढे चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी तेथूनच जवळ, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मृत्युमुखी पडलेल्या दोघांनी, ते मागील आसनावर असताना, पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. आपल्याकडे वृद्धांना ‘आरामात बसा’ म्हणून मागे बसवितात आणि पट्टा लावीत नाहीत. मागील आसनावरही पट्टा बंधनकारक आहे. तो पोटावरून न घेता कमरेच्या हाडांवरून घ्यावा. आईची कुरकुर तिसऱ्या फेरीला थांबली.

मोटार शिकलो म्हणून प्रत्येक प्रसंगी तीच काढावी, असे मात्र नव्हे. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, एका हातातील बळ गेले, तर प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि रुग्णाने स्वतः तर कदापि चालवू नये.

पंचावन्न वर्षांनंतर मिळणारी अनुज्ञप्ती पाच वर्षांचीच असते. ही अट मला जाचक वाटत नाही. जपानमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना नूतनीकरणाच्या वेळी स्मृती व आकलनाची चाचणी द्यावी लागते, आणि १९९८ पासून स्वेच्छेने अनुज्ञप्ती परत करण्याचीही सोय आहे. आपल्या घरातील ज्येष्ठ आजवर गाडी चालवीत आले असतील, तर बंपरवर नवे ओरखडे दिसू लागले काय, परिचित वळण चुकते काय, याकडे लक्ष द्यावे. आणि किल्ली लपवून ठेवण्याऐवजी त्यांच्याशी शांतपणे बोलावे. त्यांची डॉक्टरांवर श्रद्धा असेल तर हा विषय डॉक्टरांनीच काढलेला बरा. किल्ली घेण्यापूर्वी त्यांच्या देवळाच्या आणि बाजाराच्या फेऱ्या कोण करणार, हे ठरलेले असावे.

आमच्या घरी ते ठरले आहे. सोमवार, बुधवार, शनिवार आईचे; मंगळवारी शेजारच्या काकांना औषधांसाठी डहाणूला न्यायचे. मुलाला मी सांगून ठेवले आहे की, दर दिवाळीला माझ्या शेजारी बसून डहाणूपर्यंत जायचे, आणि जे दिसेल ते तोंडावर सांगायचे. गेल्या दिवाळीत त्याने एवढेच सांगितले की, मी वळणाचा दिवा फार लवकर लावते.