पायांनी वाचावयाची लिपी

लिपी डोळ्यांवाचूनही वाचता येते, हे लुई ब्रेल (१८०९–१८५२) याने दाखवून दिले. भारतात १९५१ साली स्वीकारल्या गेलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठीतील ‘क’ आणि तमिळमधील ‘क’ एकाच चिन्हाने लिहिले जातात. डोळसांना परस्परांपासून दूर ठेवणाऱ्या दोन लिपी अंधांच्या बोटांखाली अशा एकत्र येतात. पदपथावरील स्पर्शदर्शक फरशी याही पलीकडे जाते. तिला भाषेचीच अपेक्षा नाही.

जपानमधील सेइइची मियाके यांनी १९६५ साली ही फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा येथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसविण्यात आली. या लिपीत मुख्यतः दोनच चिन्हे आहेत. लांबट उंचवट्यांच्या समांतर रेषा ‘या दिशेने पुढे चला’ असे सांगतात. गोल उंचवट्यांचे ठिपके ‘थांबा, सावध व्हा’ असे सुचवितात. म्हणून जिना, वळण, रस्ता ओलांडण्याची जागा आणि फलाटाची कड येथे ठिपके असतात. पांढऱ्या काठीचे टोक व पायाचा तळवा यांना हा भेद कळतो. फरशीचा पिवळा रंग अल्पदृष्टी असलेल्यांच्या उपयोगी पडतो.

चेन्नईतील मेट्रो २९ जून २०१५ रोजी कोयंबेडू ते आलंदूर या मार्गावर सुरू झाली. तेथील स्थानकांत अशा फरशीची वाट आढळते. तमिळ न जाणणारा अंध मराठी प्रवासीही ती वाचू शकतो.

मात्र दोनच चिन्हांच्या लिपीत मुद्रणदोषाला क्षमा नसते. ग्रंथातील चुकलेले अक्षर वाचक संदर्भाने सावरून घेतो. येथे ठिपक्यांच्या जागी रेषा पडली, तर वाचक थेट वाहनांपुढे जातो. वाट मध्येच खांबाशी संपली किंवा तिच्यावर दुचाकी उभी राहिली, तर वाक्यच तुटते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सुगम्यतेचे मानदंड ठरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली. ते केवळ शिफारसवजा असून भागणार नाही, बंधनकारकच हवेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

या फरशीमुळे अंध व्यक्तीला प्रत्येक वळणावर कोणाचा हात मागावा लागत नाही. परंतु त्यासाठी लिपी शुद्ध लिहिलेली हवी, आणि तिच्यावर कोणी उभे राहता कामा नये. यांपैकी दुसरी गोष्ट सर्वस्वी डोळसांच्या हाती आहे.